एकट्याचा हिशेब आणि सर्वांचा हिशेब

(धम्म-अभ्यास पाठ)



परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी धर्म आणि धम्म यांतला जो भेद दाखविला आहे, तो प्रत्येक नवदीक्षित कुटुंबाने आरंभीच समजून घेतला पाहिजे. धर्म ही ज्याची त्याची खाजगी बाब मानली जाते. धम्म हा मूलतः सामाजिक आहे. माणूस अगदी एकटा असेल तर त्याला धम्माची जरुरी नाही. परंतु दोन माणसे एकमेकांच्या संबंधात आली की त्यांना धम्माला जागा द्यावीच लागते, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे.

नेमक्या याच ठिकाणी, म्हणजे दोन माणसे समोरासमोर येतात तेथे, आधुनिक गणिताची एक शाखा सुरू होते. तिला ‘गेम थिअरी’ म्हणजे खेळांचा सिद्धांत म्हणतात. नावात खेळ असला तरी विषय खेळण्याचा नाही. माझ्या वागण्याचे फळ तुमच्या वागण्यावर आणि तुमच्या वागण्याचे फळ माझ्या वागण्यावर अवलंबून असेल, तर शहाण्या माणसाने कसे वागावे, याचा तो विचार आहे.

दीक्षेनंतर घराघरांतून एक प्रश्न हमखास निघतो. ‘मी एकट्याने नीट वागून काय होणार? बाकीचे कुठे नीट वागतात?’ हा प्रश्न आळशी माणसाचा आहे असे समजून आपण तो झटकून टाकतो. तसे करू नये. प्रश्न खरा आहे आणि त्याला खरे उत्तर दिले पाहिजे. आजच्या पाठाचा हाच विषय आहे.

भिशीचा हिशेब

आपल्या खडकीतलेच उदाहरण घेऊ. कारखान्यात, डेपोत किंवा बाजारात काम करणाऱ्या बारा घरांनी एक भिशी सुरू केली असे धरा. दर महिन्याला प्रत्येक घराने एक हजार रुपये द्यायचे, चिठ्ठी काढायची आणि ज्याचा नंबर लागेल त्याने बारा हजार उचलायचे. ज्याचा नंबर पहिल्याच महिन्यात लागला, त्याने दिले हजार आणि घेतले बारा हजार. यापुढचे अकरा हप्ते भरणे म्हणजे केवळ देणे. नुसता स्वार्थ पाहिला तर त्याने दुसऱ्याच महिन्यापासून हप्ता बंद करावा. दुसरा नंबर लागलेल्यानेही तसेच करावे. असे होणार हे आधीच ठाऊक असेल, तर शहाण्या माणसाने भिशीत पैसे टाकूच नयेत. म्हणजे भिशी नावाची गोष्ट जगात असताच कामा नये!

परंतु भिशी आहे. कागद नाही, स्टॅम्प नाही, तारण नाही, तरी ती वर्षानुवर्षे चालते. मुलाची फी, म्हाताऱ्या माणसाचे औषधपाणी, पावसाळ्याआधीचे पत्रे यांची सोय तिच्यातून होते. मग पहिला नंबर लागलेला पळून का जात नाही? आपल्या आयाबहिणींना याचे उत्तर पाठ आहे: ‘जाईल कुठे? पुढच्या वर्षी पुन्हा भिशी आहे आणि राहायचे याच गल्लीत आहे.’ पन्नास-पंचाहत्तर वर्षांपूर्वी मोठमोठ्या गणितज्ञांनी जे सिद्ध करायला घेतले, त्याचा गाभा या एका वाक्यात आहे.

कैद्यांचा पेच

१९५० साली अमेरिकेतील रँड या संस्थेत मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांनी एक लहानसा खेळ मांडला. अल्बर्ट टकर या गणितज्ञाने त्याला गोष्टीचे रूप दिले. तेव्हापासून तो ‘कैद्यांचा पेच’ म्हणून ओळखला जातो.

दोन साथीदार पकडले गेले आहेत. त्यांना वेगवेगळ्या कोठडीत ठेवले आहे. दोघेही गप्प राहिले तर दोघांना एकेक वर्षाची शिक्षा. एकाने दुसऱ्याचे नाव सांगितले आणि दुसरा गप्प राहिला, तर सांगणारा सुटेल व गप्प राहणाऱ्याला दहा वर्षे. दोघांनीही एकमेकांची नावे सांगितली तर दोघांना पाच-पाच वर्षे.

आता पहिला कैदी विचार करतो. समोरचा गप्प राहणार असेल, तर मी सांगितल्याने सुटतो. गप्प राहिलो तर एक वर्ष जाते. म्हणजे सांगणे बरे. समोरचा सांगणार असेल, तर मी सांगितल्याने पाच वर्षे जातात. गप्प राहिलो तर दहा. म्हणजे तेव्हाही सांगणेच बरे. दुसऱ्या कोठडीत दुसराही हाच हिशेब करतो. दोघांचाही हिशेब बिनचूक आहे. आणि एकेक वर्षात सुटू शकणारे दोघे पाच-पाच वर्षे आत जातात.

यातील बोध नीट ध्यानात घ्या. हे दोघे मूर्ख नाहीत की दुष्टही नाहीत. त्यांना एकमेकांपासून वेगळे ठेवले आहे, त्यांची पुन्हा भेट होणार नाही आणि दिलेला शब्द पाळण्याची सोय नाही, म्हणून त्यांचे नुकसान झाले. एकट्याचा शहाणपणा जेथे सर्वांचा मूर्खपणा ठरतो, अशी ही जागा आहे. माणसांना एकमेकांपासून वेगळ्या कोठड्यांत ठेवणारी व्यवस्था आपल्या ओळखीची आहे. तिचे नाव जात. तिच्याकडे आपण पुढे येऊ.

पुन्हा भेटणारे खेळाडू

१९८० च्या सुमारास रॉबर्ट ॲक्सेलरॉड या अमेरिकन प्राध्यापकाने संगणकावर एक स्पर्धा भरविली. हाच पेच एकदाच न खेळता त्याच जोडीदाराशी दोनशे वेळा खेळायचा. दोघांनी सहकार्य केले तर तीन-तीन गुण. दोघांनी दगा दिला तर एकेक गुण. एकाने दगा दिला तर त्याला पाच आणि फसलेल्याला शून्य. अनेक विद्वानांनी चौदा पद्धती लिहून पाठविल्या. काही फार गुंतागुंतीच्या आणि धूर्त होत्या. जिंकली ती सर्वांत साधी, अनातोल रापोपोर्ट यांनी पाठविलेली पद्धत. तिचा नियम एवढाच: पहिल्या वेळी सहकार्य करायचे आणि नंतर समोरच्याने मागच्या वेळी जे केले तेच करायचे. पुढे दुसरी स्पर्धा झाली. तिच्यात बासष्ट पद्धती आल्या. पहिल्या स्पर्धेचा निकाल सर्वांना ठाऊक होता, तरी पुन्हा हीच पद्धत जिंकली.

तिच्यात चार गुण आहेत. ती आपण होऊन कधी दगा देत नाही. दगा झाला तर ती डोळेझाक करीत नाही. समोरचा सुधारला की ती मागचे उगाळीत नाही. आणि ती इतकी सरळ आहे की समोरच्याला तिचा अंदाज लागतो. आणखी एक गंमत अशी की, ही पद्धत कोणत्याही एका डावात समोरच्यापेक्षा अधिक गुण कधीच मिळवू शकत नाही. फार तर बरोबरी करते. तरी एकूण बेरजेत ती पहिली आली, कारण तिच्याशी खेळताना समोरच्याचेही भले झाले. शेजाऱ्याला हरविणे म्हणजे आपण जिंकणे, ही समजूत या स्पर्धेने खोटी ठरविली.

हे सगळे कशामुळे शक्य झाले? पुन्हा भेट होणार होती म्हणून. पुढच्या भेटीची सावली आजच्या वागण्यावर पडते. क्वार्टर सोडून कायमचा परगावी जाणारा भिशीचे शेवटचे हप्ते भरील की नाही, याची धास्ती वाटते ती याचमुळे. त्याच्यापुरती ती सावली संपलेली असते.

जशास तसे आणि अवैर

येथे धम्म शिकणाऱ्याच्या मनात शंका येईल. जशास तसे वागावे हा धम्म आहे काय? वैराने वैर शमत नाही, अवैरानेच ते शमते, ही भगवंतांची शिकवण आपण लहान मुलांनाही सांगतो. मग गणित एकीकडे आणि धम्म दुसरीकडे, असे झाले काय?

असे झालेले नाही. संगणकात चूक होत नाही. माणसाच्या व्यवहारात होते. पगार लांबला म्हणून एखाद्याचा हप्ता चुकला. शेजारणीला वाटले, हिने मुद्दाम बुडविला. तिने आपला हप्ता रोखला. ते पाहून पहिलीने पुढचा रोखला. दोघीही जशास तसे वागतात आणि भांडण कधीच संपत नाही, कारण प्रत्येकीचे बोट मागच्या दिवसाकडे असते. खेडोपाडी पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या भाऊबंदकीचे मूळ बहुधा हेच असते. १९९२ साली मार्टिन नोवाक आणि कार्ल सिगमुंड यांनी गणिताने दाखविले की, जेथे चुका होतात तेथे जशास तसे ही पद्धत तोट्याची ठरते आणि तीन दग्यांपैकी साधारण एक माफ करणारी पद्धत टिकते. अवैराची शिकवण भोळेपणाची नाही, असे आता हिशेबानेही म्हणता येते.

मात्र दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. दोनदा दगा झाल्यावरच उत्तर देणारी सौम्य पद्धत पहिल्या स्पर्धेत असती तर तीच जिंकली असती, असे ॲक्सेलरॉडने दाखवून दिले. दुसऱ्या स्पर्धेत ती खरोखरच आली, पण चोविसावी ठरली, कारण तिचा सौम्यपणा ओळखून फायदा घेणारे आता हजर होते. म्हणजे क्षमा हवी, पण आंधळी नको.

भगवंतांच्या संघाची रीत अशीच होती. छन्न नावाचा भिक्खू कोणाचे ऐकत नसे. भगवंतांनी आपल्या अखेरच्या दिवसांत त्याला ब्रह्मदंड सांगितला, म्हणजे त्याच्याशी कोणी बोलू नये आणि त्याला उपदेशही करू नये. छन्न खाली आला, त्याने साधना केली आणि दंड संपला. या दंडात द्वेष नव्हता. तो सुधारण्यासाठी होता आणि परतीचा दरवाजा उघडा होता. दगा खपवून न घेणे आणि मनात वैर न धरणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात, हे उपासकाने शिकावे.

जात नावाचा खेळ

आतापर्यंत आपण सहकार्य चांगलेच असते असे धरून चाललो. आता सावध होऊ. गावाने महारवाड्यावर घातलेला बहिष्कार हेही सहकार्यच होते. वाण्याने मीठ द्यायचे नाही, पाटलाने वाटेने जाऊ द्यायचे नाही, शेतकऱ्याने काम द्यायचे नाही. सगळे गाव कसे एक झाले! मुंबई इलाख्यात १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीने, जिचे बाबासाहेबही सभासद होते, आपल्या १९३० च्या अहवालात या हत्याराची नोंद केली आहे.

गावातला प्रत्येक माणूस मनाने क्रूर होता म्हणून बहिष्कार टिकला काय? जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने, ज्यांना पुढे २००१ चे नोबेल पारितोषिक मिळाले, १९७६ सालच्या एका निबंधात जातीचा विचार याच पद्धतीने केला. त्यांचे म्हणणे असे: जो जातीचा नियम मोडील त्याला वाळीत टाकायचे आणि वाळीत टाकलेल्याशी जो व्यवहार करील त्यालाही वाळीत टाकायचे, एवढा नियम असला की पुरे. मग जातीवर कोणाचा विश्वास असो वा नसो, प्रत्येक जण केवळ स्वतःच्या भीतीने तो नियम पाळतो. वाण्याला मीठ विकायचे असते. पण विकले तर उद्या त्याच्या दुकानात कोणी येणार नाही. नियम आतून पोकळ असतो, तरी उभा राहतो.

अशी व्यवस्था एकट्याने मोडता येत नाही. एकटा उठला की तो मारला जातो. पण ॲकरलॉफ यांच्या विवेचनातच उत्तरही आहे: पुरेशी मोठी जमात एकदम बाहेर पडली आणि एकमेकांशी व्यवहार करू लागली, तर बहिष्काराचा धाक संपतो.

आता आपला इतिहास आठवा. मेलेली गुरे ओढणे सोडायचे, मृतमांस सोडायचे, हा एका घराने ठरविण्याचा विषय नव्हता. एका घराने सोडले तर त्याचे बलुते बुडायचे आणि ते काम शेजारचे घर करायचे. अपमान मात्र दोघांचा तसाच राहायचा. सर्वांनी सोडले तरच सर्वांची सुटका होती. हा हुबेहूब कैद्यांचा पेच होता. म्हणून १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी ही गोष्ट सर्वांसमोर, सर्वांना सांगितली. दुसऱ्या दिवशी चवदार तळ्यावर जाण्यासाठी सर्व एकत्र चालत निघाले. एकटा गेला असता तर तो गुन्हेगार ठरला असता. हजारो गेले तेव्हा तो हक्क ठरला.

धम्मदीक्षाही तशीच झाली. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला घोषणा झाली. १९३६ च्या मे अखेरीस मुंबईच्या परिषदेत धर्मांतराचा विचार लोकांपुढे मांडला गेला. मग वीस वर्षे गेली. बाबासाहेबांना स्वतःला बौद्ध होण्यास एक दिवस पुरेसा होता. ते थांबले, अभ्यास केला, लोकांची मने तयार केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांनी एकाच वेळी, मोठ्याने, एकमेकांच्या कानांदेखत बावीस प्रतिज्ञा घेतल्या. मी प्रतिज्ञा घेतली हे मला ठाऊक. शेजाऱ्याने घेतली हे मला ठाऊक. आणि मी घेतल्याचे शेजाऱ्याला ठाऊक आहे हेही मला ठाऊक. चोरून, घराच्या कोपऱ्यात घेतलेल्या प्रतिज्ञेला ही ताकद येत नाही. म्हणूनच आजही दीक्षाविधी सभेत होतो.

खडकीचा पेच: कागदावरचा धर्म

आपल्या भागाला एक पेच विशेष भोगावा लागला. खडकीत दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून आहे. त्याच्या जोडीला लष्करी डेपो आणि वर्कशॉप आहेत. या सर्व नोकऱ्या केंद्र सरकारच्या होत्या. महाराष्ट्र शासनाने १९६० मध्ये नवबौद्धांना सवलती दिल्या. परंतु केंद्राच्या नोकरीत बौद्धांना अनुसूचित जातीचा लाभ १९९० पर्यंत नव्हता. म्हणजे १९५६ नंतरची चौतीस वर्षे आपल्या माणसासमोर हा प्रश्न होता: अर्जावर ‘बौद्ध’ लिहावे तर मुलाची नोकरी जाते, ‘हिंदू’ लिहावे तर प्रतिज्ञा मोडते आणि जनगणनेत आपली संख्या घटते.

त्या काळी अनेकांनी कागदावर जुना धर्म लिहिला. त्यांना आपल्या सभांतून पुष्कळ बोल लावले गेले. आज शांतपणे विचार केला तर काय दिसते? मनाने बौद्ध असलेल्या माणसाला, रोज वंदना घेणाऱ्या माणसाला, पोराच्या भाकरीसाठी खोटे लिहावे लागत होते. दोष माणसाच्या श्रद्धेत होता की खेळाच्या नियमात? नियमात होता. मग नियम बदलण्यासाठी लढा झाला आणि १९९० साली संसदेने अनुसूचित जातींविषयीच्या राष्ट्रपतींच्या आदेशात दुरुस्ती करून बौद्धांचा समावेश केला. तेव्हापासून ‘बौद्ध’ लिहिल्याने सवलत जात नाही.

यातून दोन धडे घ्यावेत. पहिला असा की, चांगली माणसे एकसारखी चुकीची वागू लागली, तर त्यांना शिव्या देण्याआधी नियम तपासावा. दुसरा असा की, नियम बदलल्यानंतरही जुनी सवय चालू ठेवली, तर मग सबब उरत नाही. आजही जनगणनेच्या वेळी धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ न सांगणारी घरे आहेत. त्यांच्या अडचणीचे कारण १९९० सालीच दूर झाले आहे, हे त्यांना प्रेमाने समजावून सांगावे.

रोहिणीचे पाणी आणि पुरंदरचे पाणी

सहकार्य वाढवायचे तर नियम कसे असावेत? बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे जे कारण दिले आहे, ते येथे फार उपयोगी आहे. शाक्य आणि कोलीय या दोघांची शेते रोहिणी नदीच्या पाण्यावर होती. आधी पाणी कोणी घ्यायचे यावरून दरवर्षी भांडण होई. शेवटी शाक्यसंघाने युद्ध ठरविले. अठ्ठावीस वर्षांच्या सिद्धार्थाने विरोध केला आणि तोडगा सुचविला: शाक्यांनी दोन माणसे निवडावी, कोलीयांनी दोन निवडावी, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाच जणांनी निवाडा द्यावा. संघाने ते मानले नाही. उलट त्याच्या कुटुंबावर बहिष्कार घालण्याची आणि त्यांच्या जमिनी जप्त करण्याची भीती दाखविली. घरच्यांवर संकट नको म्हणून त्याने परिव्रज्या पत्करली. म्हणजे सामाजिक बहिष्काराची धमकी भगवंतांनाही सोसावी लागली होती! पुढे शाक्य-कोलीयांनी समेट केला, असेही बाबासाहेबांनी लिहिले आहे.

अडीच हजार वर्षांनंतर आपल्याच पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यात पाण्याचा प्रश्न उभा राहिला. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावपासून पाणी पंचायत सुरू केली. तिचे नियम पाहा: पाण्याचा हक्क जमिनीच्या एकरांवर नाही, घरातील माणसांवर. माणशी अर्ध्या एकराचे पाणी आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. आणि उसासारखे पाणी खाणारे पीक घ्यायचे नाही. ज्याला वाटा मिळतो तोच राखण करतो. ज्याला काहीच मिळत नाही त्याच्याकडून सहकार्याची अपेक्षा कशी करावी?

एलिनॉर ऑस्ट्रम या विदुषींनी स्वित्झर्लंडची कुरणे, जपानची गावराने, स्पेन आणि नेपाळचे पाट यांचा अभ्यास करून हेच सांगितले. लोक सामाईक वस्तू टिकवू शकतात. त्यासाठी सभासद कोण हे स्पष्ट असावे, नियम करण्यात नियम पाळणाऱ्यांचा हात असावा, देखरेख आपल्यातल्यांची असावी, पहिल्या चुकीला लहान व पुढच्या चुकीला मोठी शिक्षा असावी आणि तंटा तोडण्याची जागा जवळ असावी. २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला.

हे सर्व भिक्खुसंघात होते. दर पंधरवड्याला उपोसथाला सर्व जमत, नियमांचे पठण होई, ज्याची चूक झाली असेल तो ती उघड सांगे. तंटे मिटविण्याच्या रीती ठरलेल्या होत्या. वज्जी लोक वारंवार एकत्र जमतात, एकजुटीने बसतात व एकजुटीने उठतात, तोपर्यंत त्यांचा ऱ्हास होणार नाही, असे भगवंतांनी सांगितले आणि तोच उपदेश भिक्खुसंघालाही केला. ठराव, मतमोजणी, गणसंख्या या गोष्टी बौद्ध संघांना ठाऊक होत्या, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत देशाला आठवून दिले.

आपल्या वस्तीत काय करावे

लग्नाचा खर्च घ्या. शेजाऱ्याने हॉल घेतला म्हणून मी मोठा हॉल घ्यायचा. मी बँड लावला म्हणून तिसऱ्याने डीजे लावायचा. शेवटी सर्व घरे कर्जात, आणि मानाच्या उतरंडीत प्रत्येक जण होता तेथेच. एकट्या बापाने साधे लग्न केले तर लोक म्हणणार, ‘पैसे नव्हते’. पण वस्तीतील वीस घरांनी विहारात बसून ठरविले की लग्न विहारातच, त्रिशरण-पंचशीलाने, जेवण एवढेच, हुंडा नाही, तर साधेपणा ही कोणाची लाज राहत नाही. ती वस्तीची रीत होते. वाचलेला पैसा मुलीच्या शिक्षणाला लागतो.

विहाराच्या निधीचेही असेच. जमाखर्च दर पौर्णिमेला मोठ्याने वाचावा आणि फलकावर लावावा. ज्याने दिले नाही त्याचा अपमान करू नये. त्याची अडचण विचारावी. अडचण नसूनही तो देत नसेल, तर दोन वडीलधाऱ्यांनी घरी जाऊन बोलावे. आणि निधी कोठे खर्च व्हावा हे ठरविताना आयाबहिणींना फक्त सतरंजी घालण्यापुरते बोलावू नये. भिशी चालविण्याचा अनुभव त्यांच्यापाशी आहे.

खडकीहून लोकलने देहूरोड फार लांब नाही. २५ डिसेंबर १९५४ रोजी, नागपूरच्या दीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षे आधी, बाबासाहेबांनी तेथे बुद्धमूर्तीची स्थापना केली. मुलांना घेऊन एकदा तेथे जावे. आसपासच्या कष्टकऱ्यांनी तेव्हा त्यांना साथ दिली. ‘बाकीचे येतील का ते आधी पाहू’ असे प्रत्येकाने म्हटले असते, तर ते मैदान रिकामे राहिले असते.

तेव्हा ‘मी एकट्याने काय होणार’ या प्रश्नाचे उत्तर असे: एकट्याने फार होत नाही, हे खरे आहे. म्हणून एकटे राहू नका. सहकार्याचा आरंभ स्वतः करा, दगा खपवून घेऊ नका, चूक पोटात घाला, नियम सर्वांनी मिळून करा आणि पुन्हा पुन्हा भेटत राहा. आणि प्रत्येक एकजुटीला एक प्रश्न विचारा: ही एकजूट कोणाला बाहेर ठेवण्यासाठी आहे? जी कोणाला तरी वाळीत टाकून उभी राहते ती जात. जी दार उघडे ठेवते तो संघ.

कुटुंबात बसून विचार करण्यासाठी प्रश्न

१. भिशीत पहिला नंबर लागलेला माणूस पुढचे हप्ते का भरतो? तुमच्या अनुभवातील कारणे सांगा.

२. मृतमांस आणि मेलेली गुरे ओढणे सोडण्याचा निर्णय एका घराला एकट्याने घेणे कठीण का होते?

३. गावाचा बहिष्कार आणि संघाचा ब्रह्मदंड यांत कोणते फरक आहेत?

४. चूक आणि दगा यांतला भेद तुमच्या घरात कसा ओळखता? मुलांना विचारून पाहा.

५. तुमच्या गल्लीत सर्वांनी मिळून बदलावी अशी एक रीत निवडा. ती बदलण्यासाठी पहिली बैठक कोणाच्या घरी आणि कोणत्या दिवशी घ्याल?